वायुसेनेच्या तळांचा भिंतीवरचा तक्ता : घ्यावा, पण दुरुस्त करून लावावा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शालेय नकाशे आणि तक्ते विकणारी दुकानं आहेत, तिथे भारतीय वायुसेनेची रचना आणि तळ दाखवणारा एक मोठा मराठी तक्ता मिळतो. छापील किंमत 350 रुपये, मला 280 ला पडला. मी धानोरीत राहते आणि माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आमच्या वर्गातली बरीचशी मुलं लोहगाव, विश्रांतवाडी, टिंगरेनगर या पट्ट्यातली. डोक्यावरून सुखोई गेलं की बोलणं थांबवावं लागतं आणि मग पुढची पाच मिनिटं मुलं त्याच्याबद्दलच विचारत राहतात. हे विमान कुठलं, कुठून आलं, यांचा साहेब कोण, पुण्यातच का ठेवतात. त्या प्रश्नांसाठी तक्ता घेतला.

माझे वडील वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. माझं लहानपण लोहगाव, आदमपूर आणि ओझरच्या कॅम्पात गेलं. तेव्हा नकाशा म्हणून तो कसा आहे हे मी पाहिलं आणि आतली माहिती कशी आहे हे पप्पांनी चष्मा लावून, अगदी कोपऱ्यातल्या सूचीपर्यंत तपासलं.

निकाल आधी सांगते. घ्यावा. मराठीत इतका सविस्तर दुसरा तक्ता मला बाजारात दिसलेला नाही. डावीकडे रचनेचा वृक्ष, उजवीकडे भारताचा नकाशा आणि खाली हुद्द्यांची पट्टी अशी मांडणी आहे. कागद जाड, लॅमिनेशन पक्कं, वरखाली पट्ट्या आणि टांगायला दोरी. पण उजवीकडच्या नकाशात बऱ्याच दुरुस्त्या लागतात आणि डावीकडच्या वृक्षात एक मोठी उणीव आहे. ती उणीव मला मनापासून खटकली.

आधी चांगलं. वायुसेनेच्या सात कमांड आणि त्यांची मुख्यालयं अगदी बरोबर दिली आहेत. पश्चिम दिल्लीत, पूर्व शिलाँगला, मध्य प्रयागराजला, नैऋत्य गांधीनगरला, दक्षिण तिरुवनंतपुरमला. या पाच लढाऊ कामाच्या. उरलेल्या दोन प्रदेशाच्या नाहीत, कामाच्या आहेत : प्रशिक्षण कमांड बंगळुरूत आणि मेंटेनन्स कमांड आपल्या नागपुरात. सर्वांत वर दिल्लीचं हवाई मुख्यालय आणि प्रत्येक कमांडवर एक एअर मार्शल. प्रत्येक प्रादेशिक कमांडला नकाशात वेगळा रंग आहे आणि रंग इतके स्पष्ट निवडलेत की शेवटच्या बाकावरूनही सीमा कळते.

या रंगांमुळे वर्गात पहिल्याच दिवशी एक चांगला प्रश्न आला. पुण्यावर नैऋत्य कमांडचा रंग बघून एका मुलीनं हात वर केला, "मॅडम, हे चुकलंय. सदर्न कमांड तर पुण्यातच आहे ना?" आपल्याकडे हा गोंधळ मोठ्यांचाही असतो. पुण्यात मुख्यालय आहे ते भूसेनेच्या दक्षिण कमांडचं. लोहगावचा हवाई तळ मात्र गांधीनगरच्या नैऋत्य हवाई कमांडखाली येतो. दोन्ही दलांनी देश आपापल्या पद्धतीनं वाटून घेतला आहे. भूसेनेची पूर्व कमांड कोलकात्याला, वायुसेनेची शिलाँगला. भूसेनेची मध्य कमांड लखनौला, वायुसेनेची प्रयागराजला. नैऋत्य हवाई कमांडही पूर्वी जोधपूरला होती, 1998 मध्ये गांधीनगरला गेली. तिन्ही दलांचे संयुक्त थिएटर कमांड करायचे अशी जी चर्चा आपण बातम्यांत ऐकतो, तिची अडचण काय आहे हे मुलांना या एका प्रश्नातून मी समजावू शकले. तिन्ही दलं एका छत्राखाली असलेली कमांड आज अंदमान-निकोबारला आहे, 2001 पासून. तक्त्यात ती दाखवलेली नाही. पुढच्या आवृत्तीत समासात का होईना, यावी.

आता नकाशाच्या चुका. गोव्याच्या दाबोळीवर वायुसेनेचा ठिपका आहे. दाबोळी नौदलाचा तळ आहे, तिथे आयएनएस हंसा आहे. ती चूक मी काळ्या मार्करनं खोडली. पुण्याला दोन ठिपके दिलेत, एक 'हवाई तळ' आणि एक 'विमानतळ'. प्रत्यक्षात धावपट्टी एकच आहे, वायुसेनेची. आपण दिल्ली-बंगळुरूला जातो ती विमानं त्याच धावपट्टीवरून उडतात आणि त्यांचं हवाई नियंत्रणही वायुसेनेकडेच असतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या कामासाठी पुण्याची सगळी प्रवासी उड्डाणं चौदा दिवस बंद होती, ते पुणेकरांना आठवत असेल. चंदीगड, श्रीनगर, जोधपूर, बागडोगरा इथेही अशीच सोय आहे. तक्त्यानं या ठिकाणांना एक वेगळं चिन्ह दिलं असतं तर किती सोपं झालं असतं.

ईशान्य भारताची छपाई तर वाचताच येत नाही. तेजपूर, छाबुआ, जोरहाट, मोहनबारी ही नावं एकमेकांवर चढली आहेत. एवढा मोठा कागद आहे, बंगालच्या उपसागरात भरपूर जागा मोकळी आहे, तिथे ईशान्येचा मोठा केलेला तुकडा सहज बसला असता. भूगोलाच्या कुठल्याही शिक्षकानं पहिल्या नजरेत हे सांगितलं असतं.

लडाखमधलं दौलत बेग ओल्डी दाखवलंय हे बघून मला आनंद झाला. 2013 च्या ऑगस्टमध्ये वायुसेनेचं सी-130 जे विमान तिथे उतरलं. 16 हजार 600 फुटांहून जास्त उंचीवर, कच्च्या पट्टीवर. पण चिन्ह अंबाल्याचं आणि याचं एकच! अंबाला म्हणजे हँगर, शस्त्रागार, इंधनाचे साठे, क्वार्टर्स, शाळा, दवाखाना असं भरलेलं गाव. दौलत बेग ओल्डी ही पुढची उतरण्याची पट्टी. आणि या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रकार असतो, ज्याला वायुसेनेत एफबीएसयू म्हणतात, फॉरवर्ड बेस सपोर्ट युनिट. तिथे कायमचं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, नसतं, पण धावपट्टी, इंधन, माणसं तयार असतात. गरज पडली की विमानं येऊन तिथून काम करतात. तळांचे हे प्रकार कळल्याशिवाय देशभर पसरलेल्या ठिपक्यांचा अर्थ लागत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तक्त्यावर स्क्वाड्रनची नावं तळांच्या शेजारी पक्की छापली आहेत. त्यामुळे मुलांचा समज असा होतो की अमुक स्क्वाड्रन म्हणजे अमुक गाव. तसं नसतं. तळ जागेवर राहतो. स्क्वाड्रन म्हणजे एक क्रमांक, त्याचं बोधचिन्ह, त्याचा इतिहास आणि त्यातली माणसं, आणि ती जिथे सांगितलं तिथे जातात. विमानही बदलतं. 17 क्रमांकाचं 'गोल्डन ॲरोज' बघा. कारगिलच्या वेळी ते मिग-21 उडवत होतं आणि त्याचे कमांडिंग ऑफिसर होते बी. एस. धनोआ, जे पुढे वायुसेनाप्रमुख झाले. तेव्हा त्याचा तळ बठिंड्याला होता. 2016 मध्ये मिग-21 निवृत्त होत गेली तसं हे स्क्वाड्रन 'नंबर-प्लेट' झालं, म्हणजे क्रमांक राखून ठेवला आणि स्क्वाड्रन मिटलं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये धनोआ यांच्याच कारकिर्दीत तो क्रमांक पुन्हा जागा केला, राफेलसाठी, अंबाल्याला. गाव बदललं, विमान बदललं, स्क्वाड्रन तेच.

दूर कशाला, लोहगावचंच बघा. देशात मिग-29 आली ती 1987 मध्ये आणि ती सर्वप्रथम पुण्यातल्या 28 आणि 47 क्रमांकाच्या स्क्वाड्रननी घेतली. पप्पा त्याच विमानावर शिकले. पुढे 47 क्रमांकाचं स्क्वाड्रन पंजाबात आदमपूरला गेलं, आणि माझी दुसरीची शाळा पंजाबात झाली ती याच विमानाच्या मागे. 1997 मध्ये सुखोई-30 आलं, तेही प्रथम पुण्यात, 24 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. ते आज बरेलीला असतं. 2002 च्या सप्टेंबरमध्ये सुखोई-30 एमकेआय दाखल झालं, तेही लोहगावलाच, 20 क्रमांकाच्या 'लाइटनिंग्ज'मध्ये. म्हणजे नवं लढाऊ विमान पुण्यात यायचं, रुळायचं आणि मग स्क्वाड्रन दुसरीकडे जायचं. लोहगावचा तळ, ज्याला '2 विंग' म्हणतात, तो मात्र इंग्रजांच्या काळापासून, 1939 पासून तिथेच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. प्रकाशकानं तळांची नावं छापावीत आणि स्क्वाड्रनची बोधचिन्हं वेगळ्या स्टिकर-पानावर द्यावीत, काढता-लावता येतील अशी. मी घरीच रंगीत कागदाचे गोल कापून, मागे निळा चिकट गोळा लावून तशी सोय केली. मुलं आता गोल्डन ॲरोज बठिंड्यावरून उचलून अंबाल्याला लावतात आणि तारीख सांगतात. हे एकदा केलं की पाठ करावं लागत नाही.

आकड्यांबद्दल जपून. तक्ता म्हणतो 'एक स्क्वाड्रन = 18 विमानं'. लढाऊ स्क्वाड्रनपुरतं हे साधारण बरोबर आहे : सोळा लढाऊ आणि दोन प्रशिक्षणाची. पण सगळ्यांना ते लागू होत नाही. हिंडनचं 81 क्रमांकाचं स्क्वाड्रन सी-17 उडवतं आणि ती विमानं देशाकडे आहेतच 11. आग्र्याच्या 50 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे फाल्कन रडार घेऊन उडणारी विमानं आहेत तीन. तक्ता असंही म्हणतो की वायुसेनेत 42 लढाऊ स्क्वाड्रन आहेत. 42 ही मंजूर संख्या आहे. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला, त्यानंतर प्रत्यक्षातली संख्या 29 वर आली आहे. माझ्या प्रतीत राजस्थानात अजून मिग-21 चं चित्र आहे. एएफकॅट किंवा अग्निवीरवायू या वायुसेनेच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे दोन आकडे तरी वेगळे लक्षात ठेवावेत.

हुद्द्यांची पट्टी सुबक आहे, खांद्यावरच्या फितींचे रंगही नीट उतरलेत. एक ओळ मात्र हवी होती : विंग कमांडर विंग चालवत नाही, तो बहुतेक वेळा स्क्वाड्रन चालवतो. आणि विंग म्हणजे अख्खा तळ, तो ग्रुप कॅप्टन किंवा एअर कमोडोर सांभाळतो. दरवर्षी हा प्रश्न येतो.

आता ती मोठी उणीव. डावीकडच्या वृक्षात सात कमांड आहेत, पण मेंटेनन्स कमांडच्या चौकटीखाली काहीच नाही. इतर कमांडखाली विंग, स्क्वाड्रन, फ्लाइट अशा फांद्या फुटल्या आहेत, इथे नुसता 'नागपूर' एवढा शब्द. पप्पांनी तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलंच नाही. म्हणाले, "अगं, मी आयुष्यभर जिथे काम केलं ते यात कुठेच नाही."

तिथे काय यायला हवं होतं ते सांगते. या कमांडखाली बेस रिपेअर डेपो असतात, बीआरडी. स्क्वाड्रनचे लोक विमानाची रोजची देखभाल करतात, पण ठरावीक तास उडाल्यावर विमान पूर्ण उघडून, भाग भाग सुटे करून, तपासून पुन्हा जोडायचं काम डेपोत होतं. 1 बीआरडी कानपूरला, तिथे एएन-32 उघडतात. 3 बीआरडी चंदीगडला, हेलिकॉप्टरसाठी. 11 बीआरडी नाशिकजवळ ओझरला. लढाऊ विमानांचा डेपो तोच, मिग-29 तिथेच येतात. आणि 9 बीआरडी कुठे आहे? इथेच, लोहगावला. म्हणजे एकाच कुंपणाच्या परिसरात दोन युनिट, एकाचा साहेब गांधीनगरला आणि दुसऱ्याचा नागपूरला. वायुसेनेची रचना समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण पुणेकरांना मिळणार नाही, आणि ते नेमकं तक्त्यात नाही.

तळाचंही तसंच. तक्त्यात तळाखाली फक्त उडणारी स्क्वाड्रन दाखवली आहेत. खरं म्हणजे एका स्टेशनवर उड्डाणाचं काम बघणारा अधिकारी वेगळा, इंजिनिअरिंगचा वेगळा आणि प्रशासनाचा वेगळा. त्यांच्या हाताखाली एटीसी म्हणजे हवाई नियंत्रण, हवामान विभाग, अग्निशमन, गाड्यांचा एमटी सेक्शन, सिग्नल युनिट, दवाखाना, पक्षी हाकलणारी टीम. पक्षी हाकलणं हे लोहगावसारख्या ठिकाणी फार जबाबदारीचं काम आहे. कुंपणाबाहेर कचरा टाकला की घारी येतात, आणि घार इंजिनात गेली तर काय होतं ते धानोरीत राहणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं.

मी पप्पांना विचारलं की एका चौकटीत हे सगळं दाखवायचं तर काय छापाल. त्यांनी कागदावर हत्यारांची फळी काढली. फळीवर प्रत्येक पान्याची, पक्कडीची, स्क्रू-ड्रायव्हरची बाह्यरेषा रंगवलेली असते. काम संपलं की हत्यार आपल्या आकारात परत बसलं पाहिजे. एक जरी आकार रिकामा दिसला तर विमान उडत नाही, मग कितीही घाई असो. सगळे मिळून शोधतात, कॉकपिटच्या फरशीखालीसुद्धा. हत्यार सापडलं, नोंद झाली, की मग वैमानिक फॉर्म 700 वर सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. त्या फॉर्मवर त्याच्या आधी फिटरच्या, इंजिनवाल्याच्या, इलेक्ट्रिशियनच्या सह्या असतात. "त्या सह्यांची चौकट दाखवा म्हणावं," पप्पा म्हणाले.

तक्त्याच्या डोक्यावर इतिहासाची एक पट्टी आहे, तिथेही हेच झालंय. 8 ऑक्टोबर 1932 ला वायुसेना स्थापन झाली, 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, चार वापिटी विमानं होती, हे सगळं बरोबर. पण त्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये सहा अधिकाऱ्यांबरोबर 19 हवाई शिपाई होते, ते वगळलेत. त्या अगदी सुरुवातीच्या हवाई शिपायांमधले एक हरजिंदर सिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले आणि याच मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. अव्रो 748 हे विमान कानपूरला वायुसेनेच्या डेपोत त्यांनी उभं करून घेतलं. शिपाई म्हणून आलेला माणूस कमांडचा प्रमुख होतो, ही गोष्ट माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना बारावीनंतर एअरमन व्हायचंय त्यांना कळायलाच हवी. तिच्यासाठी दोन इंच जागा पुरली असती.

एका पालकांनी विचारलं की तळ असे भिंतीवर लावणं योग्य आहे का. तक्त्यातली माहिती सगळी जाहीर आहे, कुठल्या तळावर किती विमानं हे त्यात नाही, आणि ते नाही हे योग्यच आहे.

शिक्षकांसाठी आणखी एक. तक्ता लावल्यावर आठ-दहा दिवसांनी मुलांना घोरपडीच्या दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकात घेऊन जा. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक आहे आणि तिथे मिग-23 बीएन ठेवलंय. तक्त्यावरचं बोटाएवढं चित्र आणि समोर उभं असलेलं विमान यातला फरक बघून मुलं प्रश्न विचारायला लागतात. आमच्या मुलांनी चाकांच्या खोबणीत डोकं घालून नळ्या मोजल्या. त्या नळ्या कोण साफ करत असेल, हा प्रश्न एका मुलानं आपणहून विचारला.

मी प्रकाशकाला दुरुस्त्यांचं सविस्तर पत्र पाठवलं आहे, पप्पांनी हातानं काढलेल्या मेंटेनन्स कमांडच्या वृक्षासकट. दुकानदार म्हणाले, नवी छपाई जूनच्या आधी होते. तोपर्यंत घ्यायचा असेल तर गुंडाळीतला घ्या, घडीचा नको. घडी नेमकी ईशान्येवर पडते आणि आधीच न वाचता येणारी नावं पुसली जातात. लॅमिनेशन चकाकतं, तेव्हा ट्यूबलाइटच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावा. आणि नागपूरच्या चौकटीखाली चार ओळी स्वतःच्या हातानं लिहा : कानपूर, चंदीगड, ओझर, लोहगाव.